गरज सरो, पंखा थांबो

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्या भाषेंत कृतघ्न माणसाच्या निंदेसाठीं योजिली जाते. परंतु यंत्रांच्या जगांत कृतज्ञतेची भीड नसते. तेथें गरज सरतांक्षणींच वैद्यानें निघून जावें, हाच उत्तम गुण होय. मालमोटारीच्या एंजिनापुढें जो पंखा फिरतो त्याच्यासंबंधानें हा विचार गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मनांत आला, आणि त्यास कारण आमचा कॅलिफोर्नियांतील पुतण्या झाला.

आमचे वडील बंधु, वहिनी व आम्ही असे तिघे लॉस एंजेलिसजवळ त्याच्या घरीं दोन महिने राहावयास गेलों होतों. अमेरिकेंत ज्या गाडीस ‘पिकप’ म्हणतात, म्हणजे पुढें माणसांची खोली व मागें उघडा हौदा अशी हलकी मालमोटार, तशी एक पंचवीस वर्षांची जुनी गाडी त्याच्यापाशीं आहे. तिनें तो रोज कामावर जातो, शनिवारीं बाजार आणतो, आणि वर्षांतून दोनतीनदां तिच्या पाठीमागें निजण्याबसण्याची सोय असलेली ओढगाडी जोडून मुलांबाळांसह डोंगरांत जातो. ही मालमोटार चालूं झाली कीं एंजिनाच्या आवाजावर दुसराच एक घोंघावणारा आवाज चढे. जणूं घराच्या कौलांवरून विमान चाललें आहे.

पुतण्या म्हणाला, “काका, हा पंख्याचा आवाज. तो काढून टाकून मी विजेचे दोन पंखे बसविणार आहें. सामानहि येऊन पडलें आहे.”

बंधूंची सारी नोकरी मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत गेलेली. त्यांनीं एवढेंच विचारिलें, “जुना पंखा हातानें फिरवून पाहिलास का?”

पुतण्यानें हंसून तो प्रश्न सोडून दिला. तो किती मोलाचा होता हें आम्हां सर्वांस पुढें एका घाटांत, भर उन्हांत, मुलांबाळांसह अडकल्यावर कळलें. तें वाचकांस घरबसल्या कळावें, एवढ्यासाठीं हा लेख.

पंखा कशासाठीं?

इंधन जाळून जी उष्णता निघते तिच्यापैकीं ढोबळ मानानें तिसरा हिस्सा गाडी चालविण्याच्या उपयोगीं पडतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला तिसरा हिस्सा एंजिनाच्या धातूंत शिरतो. हा शेवटचा हिस्सा वेळींच बाहेर काढला नाहीं तर तेल पातळ होतें, सिलिंडरचें डोकें वांकतें, त्याखालचें गॅस्केट फुटतें व पाणी तेलांत मिसळून सारें एंजिन नासतें. हें टाळण्यासाठीं एंजिनाच्या भिंतींतून पाणी खेळवितात. पंप तें पाणी रेडिएटरांत ढकलतो. रेडिएटर म्हणजे अनेक चपट्या नळ्या व त्यांना जोडलेल्या अतिशय पातळ पत्र्याच्या झालरी. त्यांमधून वारा गेला कीं पाणी निवतें आणि पुन्हां एंजिनाकडे परततें.

या फेऱ्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाचा एक द्वारपाल बसविलेला असतो. त्याच्या पोटांतील मेण तापून फुगलें म्हणजेच तो दार उघडतो. तोंपर्यंत पाण्यास रेडिएटरकडे जाऊं देत नाहीं. कारण फार थंड एंजिनहि इंधन अधिक खातें व लवकर झिजतें. पुतण्याच्या गाडींतला द्वारपाल ९१ अंश सेंटिग्रेडला दार उघडूं लागतो. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां वाऱ्याचा विचार करूं. गाडी धांवत असली म्हणजे समोरून वारा आपोआप लागतो. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी ताशीं पन्नास-साठ किलोमीटरांहून अधिक वेगानें चालली असतां बहुधा तेवढाच वारा पुरतो. पंख्याची खरी गरज पडते ती गाडी चौकांत उभी असतां, गर्दींत रांगत असतां, किंवा ओझें ओढीत सावकाश चढ चढत असतां.

जुन्या रचनेंत बहुधा पंखा पाण्याच्या पंपाच्या कण्यावरच बसविलेला असून एंजिनाचा पट्टा दोघांस बरोबरच फिरवितो. यांत तार नाहीं, बॅटरी नाहीं, बिघडण्यासारखें फार थोडें. परंतु एक विसंगति मूळचीच आहे. पंख्याचा वेग एंजिनाच्या वेगाशीं बांधलेला. त्याच्या तापाशीं नव्हे. गाडी चौकांत उभी राहून पाणी तापूं लागतें तेव्हां हा पंखा सर्वांत मंद. आणि मोकळ्या रस्त्यावर समोरून वाऱ्याचा लोंढा येत असतो तेव्हां हा जिवाच्या आकांतानें फिरत असतो. पंगत बसलेली असतांना माजघरांत घोरणारा, आणि पानें उचललीं गेल्यावर ‘भात आणूं का?’ म्हणून धांवणारा एखादा आप्त पुष्कळांच्या घरीं असतो. त्यांतलाच हा प्रकार.

बरें, ही धांवपळ फुकटची नसते. पंख्याचा वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट मिळतो, परंतु त्यासाठीं लागणारी शक्ति दोन गुणिलें दोन गुणिलें दोन, म्हणजे आठपट होते. समजा, मिनिटास १५०० फेऱ्यांच्या वेळीं पंखा एक अश्वशक्ति खात असेल, तर ३००० फेऱ्यांच्या वेळीं तो आठ अश्वशक्ति खाईल. आणि तीहि नेमकी नको त्या वेळीं.

एंजिनियरांस हें ठाऊक नव्हतें असें मुळींच नाहीं. त्यांनीं पंखा व त्याचें चाक यांच्यामध्यें एक चिकट तेलाचा क्लच घातला. त्याच्या पोटांत सिलिकोनचें दाट तेल असतें आणि तोंडाशीं दोन भिन्न धातूंच्या पट्टीची एक गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारा वारा गरम झाला कीं ती गुंडाळी वळते, आंतली झडप उघडते, तेल अरुंद खांचांमध्यें शिरतें व आपल्या चिकटपणाच्या बळावर पंख्यास ओढूं लागतें. वारा निवला कीं तेल मागें फिरतें आणि पंखा नुसता रेंगाळतो. म्हणजे ‘गरज सरो, पंखा थांबो’ हें तत्त्व पुष्कळ अंशीं ह्या जुन्या पंख्यांतहि आलेलेंच आहे. अर्थात् क्लच शाबूद असेपर्यंत. तेल गळून गेलें तर पंखा कधींच जोर धरीत नाहीं; आणि क्लच आंतून आवळला तर तो पंख्यास कधींच सोडीत नाहीं. मग त्या पंख्याचें घोंघावणें सुरू होतें.

विजेचा पंखा कोठून आला?

विजेचा पंखा प्रथम सर्वत्र पसरला तो लहान गाड्यांमुळें. ज्या गाड्यांचीं पुढचीं चाकें ओढतात त्यांत एंजिन बहुधा आडवें बसवितात. मग त्याच्या कण्याचें तोंड रेडिएटरकडे न राहतां बाजूच्या चाकाकडे जातें, आणि कण्यावर पंखा बसविण्याची सोय उरत नाहीं. १९५९ सालीं निघालेल्या ब्रिटिश ‘मिनी’ गाडीनें रेडिएटरच कुशीला नेऊन ही अडचण भागविली. पुढील गाड्यांनीं रेडिएटर समोर ठेवून त्यास स्वतंत्र विजेचा पंखा दिला. आपल्या इकडे जुनी अँबॅसॅडर अथवा प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या दारीं होती त्यांनीं एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा पाहिलेला असेल. १९८३ सालीं मारुति ८०० आली. तिचें एंजिन आडवें व पंखा विजेचा. पुष्कळ मराठी कुटुंबांनीं हा फरक पाहिला आहे, पण त्याचें कारण एंजिनाच्या बैठकींत आहे हें क्वचितच कोणाच्या ध्यानांत आलें असेल.

मालमोटारींचें एंजिन मात्र लांबीच्या दिशेनेंच राहिलें. सबब त्यांचा पंखाहि पट्ट्यावरच राहिला. पुढें २००५ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें आपल्या हलक्या पिकपांवरचा, म्हणजे सिल्व्हराडो १५०० व सिएरा १५०० या गाड्यांवरचा, पट्ट्याचा पंखा काढून त्या जागीं विजेचे दोन पंखे दिले. तेव्हांपासून त्याआधींच्या गाड्यांचे हौशी मालक तसे पंखे भंगारांतून आणून आपल्या गाडीस बसवूं लागले. कोणी फोर्ड टॉरस या प्रवासी गाडीचा मोठा पंखा आणून कापूनकोरून बसवितात. परंतु ज्या गोष्टीकडे ह्या हौशी लोकांचें लक्ष कमी जातें ती अशी कीं, त्याच कंपनीनें त्याच कुळांतील अवजड कामाच्या गाड्यांवर पट्ट्याचा पंखाच कायम ठेविला. एकाच घरांतल्या दोन भावांस दोन निरनिराळीं औषधें कां दिलीं, हें समजलें कीं सारा विषय समजला.

विजेचा हिशेब

‘विजेच्या पंख्याला एंजिनाची शक्ति लागत नाहीं’ असें सर्रास बोललें जातें. हें खरें नाहीं. गाडींतली वीज आकाशांतून येत नाहीं. अल्टरनेटर ती तयार करतो, आणि त्यास एंजिनाचाच पट्टा फिरवितो.

पुतण्याचे दोन पंखे मिळून पूर्ण वेगांत सुमारें ३५ अँपिअर वीज घेत. गाडींत विजेचा दाब सुमारें साडेतेरा व्होल्ट. म्हणजे सुमारें ४७० वॉट. अल्टरनेटर आपणांस दिलेल्या शक्तीपैकीं शेंकडा साठाच्या आसपासच वीज परत करतो, म्हणून ४७० वॉटांसाठीं पट्ट्याकडून सुमारें ७९० वॉट, म्हणजे एका अश्वशक्तीहून किंचित् अधिक शक्ति घ्यावी लागते. पंख्याची मोटर पुन्हां आपला वांटा कापते. तिच्या हातीं आलेल्या विजेपैकीं शेंकडा सत्तर कामीं आली असें धरलें तर पात्यांपर्यंत सुमारें ३३० वॉट पोंचतात. एंजिनानें शंभर रुपये धाडले, पंख्यास बेचाळीस मिळाले. बाकीचे वाटेंतल्या अडत्यांनीं खाल्ले.

तात्पर्य, तेवढाच वारा सतत घ्यावयाचा असेल तर विजेचा पंखा पट्ट्याच्या पंख्याहून महागच पडतो. त्याचा लाभ वारा देण्यांत नाहीं, थांबण्यांत आहे. दिवसांतून दहा मिनिटें फिरून उरलेला वेळ जो पूर्णपणें स्वस्थ बसतो तोच विजेचा पंखा पैसे वांचवितो. या एका वाक्याची खूणगांठ बांधली म्हणजे पुढील सर्व चुका आपोआप दिसूं लागतात.

काम व त्यांतील चुका

एका शनिवारीं पुतण्यानें बॅटरीची ऋण तार सोडविली, पंपाच्या कण्यावरचा मोठा नट मोठ्या कष्टानें फिरविला आणि जुना पंखा, क्लच व भोंवतालचें प्लास्टिकचें कडें, ज्यास कारागीर ‘श्राउड’ म्हणतात तें, बाहेर काढलें. नवे पंखे बारा बारा इंच व्यासाचे असून एका सपाट पत्र्यावर बसविलेले होते. तो पत्रा त्यानें रेडिएटरच्या पाठीस जवळजवळ टेकवूनच पक्का केला.

विजेचें काम मात्र त्यानें नीट केलें, हें सांगितलें पाहिजे. ३५ अँपिअर प्रवाह नाजूक बटणांतून नेला तर बटण वितळेल. म्हणून त्यानें प्रत्येक पंख्यास स्वतंत्र रिले दिला. रिले म्हणजे कालव्याचा दरवाजा. दरवाजा हालविण्यास हाताचा जोर पुरतो, पाणी मात्र कालव्याचें सुटतें. प्रत्येकाचा फ्यूज निराळा, तोहि बॅटरीच्या जवळ, म्हणजे एक पंखा बसला तरी दुसरा चालूं राहावा. मुख्य तार सुमारें पांच चौरस मिलिमीटर छेदाची, व परतीची तारहि तितकीच जाड. दोन्ही पंखे एकदम सुरू झाले तर क्षणभर कित्येकपट प्रवाह ओढला जातो. सबब दुसरा पंखा कांहीं सेकंदांनीं सुरू व्हावा अशी योजना केली. गाडींतील ए. सी. चालूं असतां रेडिएटरच्या पुढेंच तिचीहि गरम जाळी असते, तेव्हां ए. सी. लावली कीं पंखा फिरलाच पाहिजे, अशीहि जोडणी केली.

पहिली चूक त्याच रात्रीं उघडकीस आली. पंखा कितव्या अंशास सुरू व्हावा हें ठरविण्याची एक खुंटी असते. एंजिन जितकें थंड तितकें बरें असें मानून पुतण्यानें ती ८५ अंशांवर लाविली. रात्रीं आम्ही सर्व बाहेर गेलों तों चौकांत गाडी थांबली कीं पुढील दिवे मंद होत, आणि पंखे कांहीं थांबेनात. बंधु म्हणाले, “अरे, तुझा द्वारपाल ९१ ला दार उघडतो आणि तूं पंख्याला ८५ ला उठवितोस. मग त्यानें निजावें केव्हां?”

द्वारपाल एंजिनांतलें पाणी ९१ च्या आसपास राखणारच. पंख्यानें कितीहि वारा घातला तरी तें ८५ ला उतरणें नाहीं. सबब पंखे दिवसभर फिरत आणि वीज खात. दिवे मंद होण्याचेंहि कारण उघड होतें. अल्टरनेटरच्या पाटीवर जो आंकडा लिहिलेला असतो तो वेगांत चाललेल्या एंजिनाचा. एंजिन मंद असतां त्याचा कांहीं अंशच हातीं पडतो. दुसऱ्या दिवशीं पहिला पंखा ९७ अंशांवर, दुसरा १०२ वर, आणि दोन्ही ९३ च्या खालीं बंद, असें ठरविलें. तेव्हांपासून शहरांत पंखे क्वचितच फिरूं लागले. सकाळीं पुतण्या कामावर निघाला तर घरांतल्या निजलेल्या मुलांस जाग येईनाशी झाली, व सूनबाई या प्रयोगास प्रथमच अनुकूल झाल्या.

घाट

जुलै महिन्यांत ओढगाडी जोडून आम्ही सर्व सेकोइयाचें अरण्य पाहावयास गेलों. जातांना पहांटेच्या गारव्यांत कांहीं कळलें नाहीं. परत येतांना मात्र लॉस एंजेलिसच्या उत्तरेची ‘ग्रेपव्हाइन’ नांवाची चढण दुपारीं लागली. खालीं सॅन वाकीन खोऱ्याचें सपाट, तापलेलें मैदान. वर सुमारें ४,१५० फूट उंचीचा तेहोन घाटमाथा. आपल्या बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट उंची म्हणावयास हरकत नाहीं. गाडी तापूं नये म्हणून ए. सी. बंद करा, अशा सूचनेच्या पाट्याच त्या रस्त्यावर लाविलेल्या आहेत. बाहेर चाळीस अंशांचें ऊन होतें.

चढ सुरू होतांच कांटा ९७ वर आला, पहिला पंखा लागला. १०२ वर दुसरा लागला. मग मात्र कांटा थांबेना. १०६, १०९, ११२. मागील बैठकीवर वहिनी व दोन नातवंडें होतीं. पुतण्याच्या कपाळावर घाम फुटला. बंधु शांतपणें म्हणाले, “ए. सी. बंद. हीटर पुरा सोड. आणि पहिली जागा मिळेल तेथें बाजूला घे, पण एंजिन बंद करूं नकोस.”

चाळीस अंशांच्या उन्हांत हीटर लावण्याची ही आज्ञा वेड्यासारखी वाटेल, पण तींत शहाणपण आहे. हीटर म्हणजे माणसांच्या खोलींत ठेविलेला एक लहान रेडिएटरच. तो लाविला कीं एंजिनाची थोडीशी उष्णता त्या वाटेनेंहि बाहेर पडते. गाडींत भट्टी पेटली. वहिनींनीं मुलांच्या डोक्यांवर ओले रुमाल घातले व म्हणाल्या, “पंखा विजेचा असो कीं पट्ट्याचा असो, वारा लागला पाहिजे रे बाबा!” आम्हांस वाटतें, त्या दिवशीं या विषयावर याहून नेमकें कोणीं बोललें नाहीं.

गाडी बाजूस घेऊन एंजिन मंद चालूं ठेविलें. ओझें थांबल्यामुळें वीस मिनिटांत कांटा खालीं आला. रेडिएटरच्या झांकणास कोणासहि हात लावूं दिला नाहीं. तें झांकण पाण्यास दाबून ठेवितें. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल यांचें मिश्रण दाबाखालीं १२५ अंशांच्याहि पुढें जाईपर्यंत उकळत नाहीं, परंतु तापलेलें झांकण उघडतांच दाब सुटून तें एकदम उसळतें आणि तोंड भाजतें. तें वाहन कोणतेंहि असो, हा नियम घरांतील प्रत्येकास ठाऊक असावा.

घरीं आल्यावर बंधूंनीं फूटपट्टी घेतली. रेडिएटरची जाळी ३४ इंच लांब व १७ इंच रुंद, म्हणजे ५७८ चौरस इंच. बारा इंची दोन पंख्यांचीं वर्तुळें मिळून सुमारें २२६ चौरस इंच. पत्रा जाळीस टेकलेला असल्यामुळें पंखे फक्त आपल्या समोरच्या भागांतूनच वारा ओढीत; पांच हिश्शांपैकीं दोन हिश्शांसच वारा, उरलेल्या तीन हिश्शांस पत्र्याची आडकाठी. समोरून येणारा फुकटचा वाराहि ह्याच पत्र्यानें अडविलेला. जुन्या कड्याचें महत्त्व तेव्हां समजलें. तें कडें जाळी व पंखा यांच्यामध्यें पोकळी राखतें, आणि त्या पोकळींतून पंखा साऱ्या जाळींतून वारा ओढतो.

पुढील आठवड्यांत बापलेकांनीं नवें कडें तयार केलें. पंखे जाळीपासून चार बोटें दूर नेले, कडा रबरानें बंद केल्या, आणि कोंपऱ्यांत रबरी झडपा बसविल्या. गाडी उभी असतां त्या झडपा मिटून पंख्यास साऱ्या जाळीचा वारा देतात; गाडी धांवूं लागली कीं समोरच्या वाऱ्यानें त्या उघडतात. ओढगाडी न जोडतां त्याच घाटांत त्याच उन्हांत पुन्हां जाऊन पाहिलें. कांटा १०२ च्या वर गेला नाहीं.

निर्णय

त्यानंतर बंधूंनीं गॅरेजच्या कोंपऱ्यांत पडलेला जुना पंखा उचलला. एका हातानें क्लच धरला, दुसऱ्यानें पातीं फिरविण्याचा यत्न केला. पातीं जागचीं हाललीं नाहींत. शाबूद क्लच थंड असतांना थोडा अडखळत, पण फिरतो. अगदीं सैल फिरला तर तेल गेलेलें, आणि मुळींच न फिरला तर आवळलेला. ही परीक्षा एंजिन थंड व बंद असतां, बॅटरीची तार सोडवून, अर्ध्या मिनिटांत होते.

“हा आवळला होता,” बंधु म्हणाले. “नवा क्लच घातला असतास तर घोंघावणें तेव्हांच थांबलें असतें. एका सकाळचें काम.”

पुतण्या कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, आतां काय करूं? जुनाच परत बसवूं?”

“वर्षांतून किती दिवस ओढगाडी जोडतोस?”

“दहा-बारा.”

“मग विजेचेच राहूं देत. उरलेल्या साडेतीनशें दिवसांना ते योग्य आहेत. त्या दहा-बारा दिवसांना जड गाडी भाड्यानें आण.”

आमच्या मतें हा निवाडा साऱ्या विषयाचें सार आहे. जी मालमोटार बहुतेक रिकामी, बहुतेक सपाट रस्त्यावर चालते, तिला पंखा थोडाच वेळ लागतो. तिच्यावर थांबूं शकणारा विजेचा पंखा शोभतो. जी रोज ओझें ओढीत चढ चढते तिला पंखा जवळजवळ सतत व मोठ्या जोरानें लागतो. तिच्यावर थांबण्याचा लाभ मिळण्यास वेळच नाहीं, आणि वाटेंतले अडते मात्र रोज आपला वांटा घेतील. हलक्या गाडीस एक व जड गाडीस दुसरें औषध कां, याचें उत्तर हेंच.

आपल्या घाटांतून ऊंस, कांदा व सिमेंट वाहणाऱ्या अवजड मालमोटारींस हा प्रयोग करावा असें कोणी सुचवील तर त्यानें आधीं साधा गुणाकार करावा. समजा, मोठ्या डिझेल एंजिनाचा पंखा भर चढावर वीस अश्वशक्ति घेतो. वीस अश्वशक्ति म्हणजे सुमारें १४,९०० वॉट. अशा गाडींत विजेचा दाब सुमारें २८ व्होल्ट. म्हणजे पांचशेंहून अधिक अँपिअर वीज पाहिजे, आणि तिचा अल्टरनेटर शंभराच्या आसपास देणारा. म्हणूनच अवजड मालमोटारींवर बहुतेक ठिकाणीं अजून एंजिनानेंच फिरणारा, परंतु क्लचाच्या लगामाचा पंखा दिसतो. तो जुनाट म्हणून राहिलेला नाहीं. हिशेबानें राहिलेला आहे.

इंधनाच्या बाबतींत आमच्या पुतण्यास झालेला फायदाहि खरें पाहतां सगळा विजेच्या पंख्याचा नव्हे. त्यांतला मोठा भाग आवळलेला क्लच निघून गेल्याचा आहे, व तो नव्या क्लचानेंहि मिळाला असता. ज्यांच्या गाडीचा क्लच शाबूद आहे त्यांनीं फार मोठ्या बचतीची आशा धरूं नये. आवाज कमी होईल, गर्दींत उभ्या गाडीस वारा चांगला लागेल, आणि पट्ट्यावरचा भार हलका होईल. एवढें मिळालें तरी थोडें नव्हे. ज्यांनीं पंखे बदलले आहेत त्यांनीं एवढी काळजी घ्यावी कीं, विजेचा पंखा एंजिन बंद असतांनाहि अकस्मात् फिरूं शकतो. म्हणून बॉनेटखालीं हात घालण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी, व लहान मुलांस जवळ येऊं देऊं नये.

परतीच्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं पुतण्या कामावरून आला. गाडी अंगणांत उभी करून एंजिन क्षणभर तसेंच चालूं ठेविलें. ऊन अजून होतें. पहिला पंखा लागला, मिनिट-दीड मिनिट फिरला, आणि आपल्या आपणच थांबला. मग त्यानें किल्ली फिरविली. वहिनी पायरीवर शेंगा सोलीत बसल्या होत्या. “थांबला ग बाई एकदांचा!” त्या म्हणाल्या. बंधु कांहीं बोलले नाहींत. पण आवळलेला तो जुना क्लच त्यांनीं टाकूं दिला नाहीं. गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला तो टांगून ठेविला आहे. येणाराजाणारा तें काय म्हणून विचारतो, आणि पुतण्या प्रत्येकास सांगतो, “आधीं हातानें फिरवून पाहावें.”